माझ्या रेघोट्या आणि शिरडच्या आत्याबाई

मी काय करते असं कोणी विचारलं, की माझ्या आधी आमचे हे उत्तर देतात. "रेघोट्या मारती," म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. हिंगोलीत मी टायपिंगचा क्लास चालवत होते तेव्हा हेच गृहस्थ पाहुण्यांना माझी ओळख 'आमच्या घरच्या प्रिन्सिपॉल' अशी करून द्यायचे. क्लास बंद झाला आणि माझी पदावनती झाली.

तक्रार नाही. रेघोट्याच आहेत त्या. फक्त त्या मी हातानं काढत नाही. एका जुन्या घरगुती संगणकाला हुकूम लिहून देते आणि तो काढतो. ह्याला अमूर्त चित्रकला म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याला 'बिघडलेलं वर्तुळ' म्हणत असे.

क्लास जोरात होता त्या काळात धाकट्या दिरांनी हैदराबादेहून हा संगणक आणला. संगणक म्हणजे काय, शाळेच्या पाटीएवढा काळा डबा. वर रबरी बटणं, आत सगळं यंत्र. पडदा नाही, घरचा टीव्ही हाच पडदा. लिहिलेलं जपून ठेवायचं तर ते कॅसेटवर, गाणी असतात तसल्याच. मी लगेच क्लासच्या पाटीवर 'येथे संगणक आहे' असं रंगवून घेतलं. ते खरंही होतं. संगणक तिथे होता. त्याचं करायचं काय, हे मात्र मास्तरणीसकट कोणालाच माहीत नव्हतं.

सोबत एक पुस्तिका होती. तिच्यात हुकुमांच्या ओळी छापलेल्या. अर्थ कळत नसला तरी टाइप करणं हा माझा धंदाच. मी धडाधड ओळी उतरवल्या. वर्तुळ काढायचा प्रोग्राम होता. एका ओळीत अधिकच्या जागी माझ्याकडून वजा पडलं. पडद्यावर वर्तुळ यायचं सोडून उलट्या धरलेल्या केरसुणीसारखं काहीतरी फिसकटत, फुलत, आपल्याच अंगावरून पुन्हा पुन्हा जात राहिलं. पोरांच्या एकेका चुकीला गुण कापणारी बाई मी. इकडे तिकडे पाहिलं, कोणी बघितलं नव्हतं. चूक दुरुस्त केली, पोरांना छान गोल वर्तुळ दाखवलं, शाबासकी घेतली. सगळे गेल्यावर ते वजा परत घातलं आणि खुर्ची ओढून बघत बसले. चूक इतकी देखणी असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी तर ते कोणाला शिकवणं शक्यच नव्हतं.

पुढे नवे संगणक आले, त्यांच्यापुढे आमचा डबा माळ्यावर गेला. क्लास बंद झाल्यावर रिकाम्या हातांना काय द्यायचं म्हणून मी तो खाली काढला. सुरू होईना. क्लासच्या शेजारी खलीलभाईंचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान असायचं. आता तेही बंद होतं, पण नळीचे जुने टीव्ही त्यांनी घरी जपून ठेवले होते, कारण ते भंगारात द्यायला त्यांचा जीव होत नव्हता. त्यांनी डबा उघडला, आत फुंकर घातली, दोन-तीन सुटे भाग बदलले आणि एक टीव्हीही देऊन टाकला. माझी चित्रं बघून ते एकच दाद देतात. "मॅडम, बहोत बढिया. ह्या रेघांवरून टीव्हीची तब्येत बराबर कळते." माझ्या कलेची इतकी जबाबदार समीक्षा अजून कोणी केलेली नाही.

हे काम कसं चालतं ते बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगते. ओळींना आकडे देऊन हुकूम लिहायचे: इथून सुरुवात कर, इतकी रेघ काढ, इतकी वळ, आता लांबी थोडी वाढव, पुन्हा तेच कर. डबा फार सावकाश आहे. एक रेघ काढतो, विचार केल्यासारखा थांबतो, मग दुसरी काढतो. नवे संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत चित्र पूर्ण करतात. आमच्याकडे ते वाढताना दिसतं. मला तेच आवडतं. आणि एक पथ्य आहे. पडद्याच्या चौकटीबाहेर रेघ काढायला सांगितली, की डबा वाद घालत नाही. जागच्या जागी थांबतो आणि पडद्याच्या तळाशी बारीक इंग्रजीत कारण लिहितो. ते वाचायचं असतं. ह्या वाचण्यावरूनच पुढची कथा झाली.

आमच्याकडे दसऱ्याला मोठं प्रदर्शन भरतं. पाळणे, खेळणी, भांडी, भजी, सगळं. खलीलभाईंच्या मेहुण्याचा खेळण्यांचा गाळा त्या वर्षी रिकामा राहणार होता. खलीलभाई म्हणाले, "मॅडम, मांडा तुमचं दुकान." मला संकोच वाटला असं मी म्हणाले, खरं तर दुसऱ्याच दिवशी मी बॅनर छापायला टाकून आले. मजकूर लिहून दिला होता, 'संगणकीय अमूर्त चित्रकला'. गाळ्यावर टांगायला बॅनर उलगडला तर त्यावर ठळक अक्षरांत 'संगणकीय अमृत चित्रकला'. मी छापखान्यात फोन केला. पलीकडून पोरगा अगदी प्रेमानं म्हणाला, "मॅडम, तुमची मिस्टिक होती, आपण सुधरवून टाकली."

त्यामुळे पहिल्या दिवशी माझ्याकडे जे आले ते सरबत मागायला आले. एकानं गुडघेदुखीवर चालतं का विचारलं. चित्राकडे बघून लोक म्हणायचे, "ह्याच्यात दिसतं काय?" मी म्हणायचे, "काही दिसत नाही, नुसतं बघायचं." एवढं ऐकून ते पाळण्याकडे जायचे. त्यांचं चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका बाईनं विचारलं, "माझ्या नावाचं काढता येतं का?" मी रात्री घरी बसून प्रोग्राम बदलला होता असं नाही, तिथेच उभ्याउभ्या बदलला. नाव इंग्रजीत टाइप करायचं, प्रत्येक अक्षरागणिक रेघ थोडी लांबणार आणि त्या अक्षराच्या क्रमांकाइतकी वळणार. प्रत्येक नावाचं चित्र वेगळं. बाई खूश झाल्या आणि त्यांनी जाऊन कोणाला काय सांगितलं देव जाणे. तासाभरात गाळ्यासमोर रांग. नाव सांगितलं की कॉम्प्युटर भविष्य दाखवतो, अशी बातमी पसरली होती. मी घाबरून पुठ्ठ्यावर लिहिलं, 'येथे भविष्य सांगितले जात नाही.' रांग दुप्पट झाली. लोकांचा समज असा झाला, की बाई सगळ्यांना सांगत नाहीत, ओळखीच्यांना सांगतात.

मला ह्याचा राग यायला हवा होता. आला नाही. टायपिंगच्या बाईकडे कोणी इतक्या आशेनं कधी पाहिलं नव्हतं.

त्या गर्दीत एक दिवस शिरड शहापूरची मंडळी आली. उत्तमराव नावाचे शेतकरी, त्यांची मुलगी भाग्यश्री, आणि उत्तमरावांच्या थोरल्या बहीण. त्यांना सगळे कौसाआत्या म्हणत होते. उंच, काटक बाई, पदर घट्ट खोचलेला. त्यांच्याबरोबर नर्सीचा एक मुलगा आणि त्याची आई. मुलाचं नर्सीत देवळाच्या रस्त्यावर फोटो-फ्रेमचं दुकान होतं. मुलगी बघून झाली होती, पसंती कळवली होती, सुपारी फोडायची राहिली होती. दोन्हीकडची माणसं प्रदर्शन बघायच्या निमित्तानं एकत्र आली होती.

कौसाआत्यांनी रांगेतूनच फर्मावलं. "दोघांचं एकात काढा."

"दोन नावं एकदम मी कधी काढली नाहीत," मी म्हणाले.

"मंग आता काढा."

कल्पना चांगली होती, आणि ती मला सुचली नाही म्हणून मी थोडी चिडलेही. मुलाचं नाव विचारलं. ज्ञानेश्वर. टाइप केलं, पुढे भाग्यश्री जोडलं आणि बटण दाबलं. रेघा निघाल्या. मधोमध एक गाठ झाली, ती सुटून पाकळ्या फुटायला लागल्या. मुलगी पुढे वाकून बघत होती, मुलगा तिच्याकडे बघत होता. भाग्यश्रीच्या नावातली काही अक्षरं उरलेली असताना रेघ थांबली.

नेमका त्याच वेळी शेजारचा मोठा पाळणा सुरू झाला आणि मैदानातले दिवे मंदावले. गाळ्यात मदतीला बसलेले खलीलभाई सावध माणूस. डब्याला इजा नको म्हणून त्यांनी क्षणात प्लग ओढला. चित्र आक्रसून एक ठिपका झालं आणि तोही विझला.

मग कौसाआत्या म्हणाल्या, "अर्ध्यात तुटलं."

"लाइट गेली हो," मी म्हणाले. "दोन मिनिटं थांबा, पुन्हा काढते."

पण मुलाच्या आईनं हातातली पिशवी छातीशी धरली होती. मी कॅसेट लावून प्रोग्राम परत चढवेपर्यंत गाळ्यासमोर दुसरीच माणसं उभी होती.

प्रदर्शन उठल्यानंतर काही दिवसांनी उत्तमराव पत्ता विचारत घरी आले. पाणी घेतलं, चहा घेतला, यांच्याशी हळदीच्या भावावर बोलले. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमच्या डब्यानं माझ्या लेकीचं जमलेलं मोडून राहिलं."

मला वाटलं, ते चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते.

"आक्का म्हणते, हे लगीन अर्ध्यात मोडणार. सुपारी फोडू देऊन न्हाई राहिली. तिकडं पोराची मायबी धास्तावली. पोरगी जेवंना. आमच्या घरात आक्काचा शबुद मोडत न्हाई कोणी."

"अहो, पण ते नुसतं चित्र आहे. त्याला लग्नाचं काय कळतं?"

"मला ठावं हाय ते. आक्काला कोण सांगावं? तुमी शिरडला या आन् पुन्हा काढा. बराबर निघालं की तिची समजूत पटंल."

"मी तिथे येऊन चित्र काढलं तर त्यांना वाटेल, हे खरंच भविष्य असतं."

उत्तमरावांनी थोडा विचार केला. "मॅडम, ते नुसतं चित्रच हाय ना? मग नुसतं चित्र काढाया तुमाला काय तकलीफ हाय?"

यांनी पेपर खाली केला. "जाऊन ये," म्हणाले. "रेघोट्यांनी सोयरीक मोडली असं पंचक्रोशीत झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

त्यांची थट्टा होती, पण मला झोंबली. आयुष्यभर मी कागदावरच्या चुका शोधल्या. माझ्या कागदानं कोणाचं घर अडवलंय असं कधी झालं नव्हतं. ती मुलगी पडद्याकडे कशी वाकून बघत होती ते मला सारखं आठवत होतं.

खलीलभाईंनी जावयाचा छोटा टेम्पो मागितला. टीव्ही वाकळेत गुंडाळला, डबा मी मांडीवर घेतला, आणि ह्या वेळी विजेनं दगा देऊ नये म्हणून खलीलभाईंनी त्यांच्या जुन्या दुकानातला सगळ्यात वजनदार स्टॅबिलायझर बरोबर घेतला. औंढ्याच्या पुढे रस्त्याला दोन्हीकडे हळद उभी होती. खलीलभाई म्हणाले, "मॅडम, मी तीस साल दुरुस्त्या केल्या. लोकांच्या घरी जाऊन टीव्ही लावला, पंखा लावला. लगीन दुरुस्त कराया पयलीच बार चाललो."

उत्तमरावांच्या बैठकीत आळीतली बरीच माणसं जमली होती. नर्सीहून मुलगा आणि त्याची आईही आली होती. आम्ही बाजेवर टीव्ही मांडला. कौसाआत्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. भाग्यश्री आतल्या दाराआड होती. तिचा फक्त हात दिसत होता. खलीलभाईंनी मीटर लावून वीज तपासली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लाइट एकदम बराबर हाय."

मी नावं टाइप केली. ज्ञानेश्वर, भाग्यश्री. बटण दाबलं. गाठ पडली, सुटली, पाकळ्या फुटल्या. आणि जिथे मैदानात थांबली होती त्याच अक्षरावर येऊन रेघ थांबली.

वीज होती. पंखा चालू होता. पाळणा नव्हता. दोष द्यायला आता कोणीच उरलं नव्हतं.

कौसाआत्यांनी भावाकडे बघितलं. मुलाच्या आईनं डोळ्याला पदर लावला.

खलीलभाई माझ्या कानाशी आले. "मॅडम, खाली काई लिवलंय बघा बारीक."

मी पर्समधून वाचायचा चष्मा काढला. हजारो विद्यार्थ्यांना 'आधी समोर काय लिहिलंय ते वाचा' असं बजावणारी बाई, तिनं मैदानातही चष्मा लावला नव्हता आणि इथेही नाही. गर्दीसमोर चष्म्यात वय दिसतं म्हणून. पडद्याच्या तळाशी डब्यानं इमानानं लिहिलं होतं, की आकडा हद्दीबाहेर गेला.

एकेकटं नाव चौकटीत मावत होतं. दोन नावं जोडल्यावर अक्षरं वाढली, रेघ लांबत लांबत पडद्याच्या कडेला पोचली आणि पुढे जागाच नव्हती. वीज नाही, दैव नाही. मी हिशेब केला नव्हता.

मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, "चूक माझी आहे. मुलाचं नाव इंग्रजीत फार लांब होतं, आणि..."

"म्हंजी नावात दोष हाय," कौसाआत्या म्हणाल्या.

"नाही, नाही. नाव चांगलं आहे. पडदा लहान आहे. दोघांना मिळून त्यात जागा पुरत नाही."

तोंडातून शब्द गेले आणि कळलं, की हे तर आणखीच वाईट झालं. मुलाची आई म्हणाली, "आमच्या घरात जागा हाय, बाई. वरती एक खोली बांधली नवीन." मी सारवासारव करायला जावं आणि प्रत्येक वाक्याचा अपशकुन व्हावा, असं चाललं होतं. रेघांची लांबी कमी करायची तर चार ओळी बदलून सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागणार होता, आणि माझी बोटं एक बटण दाबायला गेली की दुसऱ्यावर पडत होती. टायपिंगच्या परीक्षेत मी स्वतःला नापास केलं असतं.

तेवढ्यात आतल्या दाराआडून आवाज आला.

"मॅडम, त्यांना घरी माउली म्हणतात. तेवढंच लिवा ना."

उत्तमराव दाराकडे वळले. "तुला काय माहीत, त्यांना घरी काय म्हणतात?"

मुलगा खाली फरशीकडे बघायला लागला. त्याच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "व्हय, माउलीच म्हणतो आमी," ती सावकाश म्हणाली. "पर ते आमच्या चौघांबिगर कोणाला ठावं न्हाई."

खलीलभाईंना नेमका आताच स्टॅबिलायझर पुसायचा होता.

कौसाआत्या उठल्या, दाराशी गेल्या. "फोन करती व्हय गं?"

भाग्यश्री बाहेर आली. मान खाली होती, पण उत्तर स्वच्छ होतं. "तुमी न्हाई म्हणाल्यापासून रोज करते."

मला वाटलं, आता वीज पडणार. आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता असं मला म्हणता येणार नाही. मग परत जाऊन चौकटीला टेकल्या आणि मला म्हणाल्या, "काढा. लिवा माउली."

मी लिहिलं. ह्या वेळी आधी बोटांवर अक्षरं मोजली. मुलीच्या नावासकट पंधरा. मावायला हवीत. रेघा निघाल्या, गाठ पडली, पाकळ्या फुटल्या, पहिल्यापेक्षा आटोपशीर. थांबायची जागा आली आणि मागे पडली. शेवटची रेघ कडेकडे निघाली. कडेला लागायच्या आत ती वळली आणि चित्र पूर्ण झालं.

टाळ्या वगैरे काही नाही. एक म्हातारबा म्हणाले, "रांगोळीवानी हाय." एवढंच.

"झालं?" कौसाआत्या.

"झालं."

"काय म्हणतं ते?"

'शुभ आहे' एवढे दोन शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. उत्तमराव माझ्याकडे त्याच आशेनं बघत होते. पण समोरच्या बाई डोळ्यांत डोळे घालून विचारत होत्या आणि मला खोटं बोलवेना.

"काहीच म्हणत नाही, आत्याबाई. त्या दिवशी थांबलं तेव्हाही काही म्हणालं नव्हतं. ह्याला अक्षरं कळतात, माणसं कळत नाहीत. पोरीला कळतं, तिला विचारा."

आत्यांनी पडद्याकडे बघितलं. "मंग अर्ध्यात तुटलं तवा मला काहून एवढं लागलं?" असं म्हणाल्या. ते कोणाला विचारलं होतं कोण जाणे. मग त्या भावाला म्हणाल्या, "सुपारी आण," आणि आत निघून गेल्या.

टेम्पोत टीव्ही चढवताना उत्तमराव माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आक्काचं मनावर घेऊ नका. तिचं लगीन झालं तवा ती ह्या पोरीपेक्षाबी लहान होती. नवऱ्यानं दोन सुग्या नांदवलं, मंग एक दिस आमच्या दारात आणून सोडलं. काहून सोडलं, ते आजवर कोणी सांगितलं न्हाई. तवापासून ती हितंच हाय. भाग्याला तिनंच वाढवलं."

परतीच्या वाटेवर मी डबा मांडीवर धरून बसले होते. मैदानात मी त्या बाईंना मनातल्या मनात अडाणी म्हटलं होतं. त्यांचं बघणं मात्र अगदी बरोबर होतं. मधेच थांबलेली रेघ त्यांनी ओळखली होती.

लग्न उन्हाळ्यात झालं. मला पहिल्या रांगेत बसवून माईकवरून 'लग्न जमवणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम' असं जाहीर करण्यात आलं. त्याचा परिणाम लगेच दिसला. आमच्या दाराशी आई-बाप यायला लागले, कोणी मुलाचा फोटो घेऊन, कोणी दोघांच्या नावाची चिठ्ठी घेऊन. मी समजावून थकले. शेवटी यांनी दारात खुर्ची टाकली. कोणी आलं की गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "मशीन बिघडली हाय. ज्यांचं जमवलं ते भांडून राहिले." दोन आठवड्यांत दार मोकळं झालं. यांनी माझ्या कलेसाठी केलेली ही एकमेव सेवा, आणि ती यशस्वी झाली हे कबूल करायला हवं.

मी मात्र डब्याकडे फिरकत नव्हते. अमूर्त चित्रं काढायला निघाले, सरबतवाली झाले, मग ज्योतिषी, मग लग्न जमवणारी. चित्रकार तेवढी कोणाला दिसले नव्हते. खरं सांगायचं तर मलाही नाही.

अशात एक दुपारी दार वाजलं. कौसाआत्या. एकट्या, हातात हळदीची पिशवी. "नागनाथाला आलते," म्हणाल्या. "म्हटलं, यष्टी पुढं जातीच हाय, तर जाऊन यावं." हे आत पलंगावर झोपले होते. मी पाणी दिलं, भाग्यश्रीची चौकशी केली. ती बरी होती. नर्सीच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागली होती. आत्यांचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्यांची नजर कोपऱ्यातल्या टीव्हीवर होती.

"ते डबडं चालू हाय का अजून?"

"आहे की."

"माझ्या नावाचं काढाल?"

मी कॅसेट लावली, प्रोग्राम चढायची वाट बघितली. नाव टाइप करायला बोटं टेकवली आणि विचारलं, "कौसल्याबाईच्या पुढे काय लिहू?"

"नुसतं कौसल्या."

मी नुसतं कौसल्या लिहिलं. रेघा निघाल्या. आत्या खुर्चीवर न बसता जमिनीवर, टीव्हीच्या अगदी समोर मांडी घालून बसल्या. नाव लहान होतं, चित्र लवकर पूर्ण झालं. त्यांनी ते वरून खाली बघितलं, मग बाजूनं बघितलं. चांगलं की वाईट, काही विचारलं नाही. काय दिसतं, तेही नाही.

मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठले, तशा म्हणाल्या, "आता बिननावाचं काढा."

"म्हणजे?"

"कोणाच्या नावाचं न्हाई. असंच."

मी पुन्हा डब्यापुढे बसले. इतक्या दिवसांत हे कोणी मागितलं नव्हतं. नाव काढून टाकलं तर सुरुवात कुठून करायची, असा मलाच प्रश्न पडला. लोकांच्या नावांची इतकी सवय झाली होती. नाव विचारायची ओळ मी पुसली. त्या जागी डब्याला लिहून दिलं, की तुझ्या मनाला येईल तो आकडा घे, तिकडे वळ, कडेला लागलास की मागे फिर. बटण दाबलं. एक रेघ निघाली, थांबली, दुसरी निघाली. कडेपर्यंत जाऊन परत फिरली.

"हे सरणार कवा?" आत्यांनी विचारलं.

"हे सरत नाही. आपण बंद करेपर्यंत चालतं."

"मंग ऱ्हाऊ द्या."

मीही त्यांच्याशेजारी मांडी घातली. चहा राहिलाच. पडदा हळूहळू भरत होता. मधेच हे झोपेतून उठून डोळे चोळत बाहेर आले. दोन बायका जमिनीवर बसून टीव्हीकडे टक लावून बघताहेत हे बघून थबकले.

"हे कोणाचं काढलं?" त्यांनी विचारलं.

आत्यांनी मान वळवली नाही. "कोणाचंच न्हाई," म्हणाल्या. "बसा."

हे बसले.